शस्त्रवैद्याच्या शिष्याची निवड

इ. स. १८९७ च्या ऑक्टोबर महिन्यांतली ही गोष्ट. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या लांबलचक बोळांतून ह्यू यंग नांवाचा सत्तावीस वर्षांचा डॉक्टर धांवत चालला होता. वाटेंत एका गृहस्थांवर तो असा आदळला कीं, ते खालीं पडावयाचेच; पण त्यानें त्यांना वेळींच सांवरलें. ते गृहस्थ म्हणजे रुग्णालयाचे मुख्य शस्त्रवैद्य विल्यम हॅलस्टेड. यंग गयावया करूं लागला, तों हॅलस्टेड शांतपणें म्हणाले कीं, मूत्रमार्गाच्या विकारांचा विभाग त्यानें आपल्याकडे घ्यावा. त्या विषयाचें आपल्याला कांहींच ज्ञान नाहीं, असें यंगनें प्रांजळपणें सांगून टाकलें. तें आम्हांला ठाऊक आहे, पण तूं शिकूं शकशील असा आमचा समज आहे, अशा अर्थाचें उत्तर त्याला मिळालें.

अर्ज नाहीं, मुलाखत नाहीं, शिफारसपत्र नाहीं. बोळांतल्या त्या दोन मिनिटांच्या बोलण्यांतून अमेरिकेंतील मूत्ररोगांच्या शस्त्रक्रियेला तिचा एक आद्य आचार्य लाभला. १९१५ सालीं त्याच रुग्णालयाच्या आवारांत या शाखेची स्वतंत्र संस्था निघाली, तिचा प्रमुख यंगच होता. निवड चुकली नाहीं हें खरें. पण त्या जागेसाठीं आणखी कोणाचा विचार व्हावयास हवा होता किंवा काय, हें विचारण्याची सोय कोणालाच नव्हती.

आज अमेरिकेंत अशा निवडीला जवळजवळ वर्ष लागतें. वैद्यकीची पदवी मिळाल्यावर उमेदवारानें निदान पांच वर्षें सामान्य शस्त्रक्रियेचें शिक्षण घ्यावयाचें, आणि मग मुलांची शस्त्रक्रिया, रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया, हाताची शस्त्रक्रिया, अशा एखाद्या उपशाखेंत आणखी एक, दोन किंवा तीन वर्षें काढावयाचीं. या शेवटल्या पायरीला ‘फेलोशिप’ म्हणतात. जागा थोड्या, पुष्कळ रुग्णालयांत वर्षाला एकच. अर्जदार तिशी ओलांडलेले, बहुतेक विवाहित, शिक्षणाच्या कर्जानें वांकलेले. तेथवर पोंचलेला प्रत्येकजण हुशारच असतो, आणि निवडणाराची खरी पंचाईत तीच आहे. मठ्ठ आणि हुशार यांतला भेद कोणालाही करतां येतो. दहा हुशारांतून एक कसा काढावयाचा?

हॅलस्टेडांपाशीं या प्रश्नाचें उत्तर होतें, तें म्हणजे काळ. तरुणपणीं त्यांनीं व्हिएन्नाच्या व जर्मनीच्या नामांकित आचार्यांचें काम जवळून पाहिलें होतें, आणि तेथील सहाय्यकांची पद्धति त्यांनीं बाल्टिमोरला आणली. १९०४ सालीं येल विद्यापीठांतील व्याख्यानांत त्यांनीं ती उकलून सांगितली. तरुण डॉक्टरानें सुमारें सहा वर्षें सहाय्यक म्हणून राबावें, आणि त्यांतून जो निवडला जाईल त्यानें दोन वर्षें निवासी शस्त्रवैद्य म्हणून सर्व भार वाहावा. ठराविक मुदत अशी नव्हतीच. गुरूचें मन भरेपर्यंत राहावयाचें. सगळी रचना स्वयंपाकघरांतल्या उतरंडीसारखी, वर वर निमुळती होत जाणारी. १८८९ पासून १९२२ सालीं हॅलस्टेड वारले तोंपर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षांत, या उतरंडीच्या टोंकाला पोंचलेले निवासी शस्त्रवैद्य अवघे सतरा. त्यांतल्या पुष्कळांनीं पुढें इतर विद्यापीठांतून हीच परंपरा चालविली, त्यामुळें तिचा बोलबाला झाला. जे मधल्याच थरांतून उतरले त्यांची मात्र इतिहासांत नांवें शोधावीं लागतात.

वर्षानुवर्षें रोज नजरेसमोर ठेवून शिष्य पारखावयाचा, यापरती चांगली परीक्षा कोणती, असें वाटणें साहजिक आहे. तरीही ती चुके, आणि कशी चुके याचे दाखले त्याच रुग्णालयांत आहेत.

हॅलस्टेडांचे शिष्य हार्वे कुशिंग हे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे जनक मानले जातात. त्यांच्या हाताखालीं वॉल्टर डँडी नांवाचा तरुण काम करीत होता. १९१२ सालीं कुशिंग बोस्टनला जावयास निघाले. ते आपल्याला बरोबर नेतील असें डँडी धरून चालला होता; हॅलस्टेडांचीही तीच समजूत, म्हणून बाल्टिमोरला त्याच्यासाठीं जागा राखलेली नव्हती. आयत्या वेळीं कुशिंग यांनीं त्याला नेण्याचें नाकारलें. दोघांचे स्वभाव जुळत नव्हते. डँडी दोन्हीं घरचा पाहुणा उपाशी अशा अवस्थेंत कांहीं काळ राहिला. सुदैवानें रुग्णालयानें त्याला आसरा दिला, हॅलस्टेडांनीं मागाहून ठेवून घेतलें, आणि १९१८ सालीं त्याच डँडीनें मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरणांनीं त्यांचें चित्र घेण्याची युक्ति काढली. मेंदूंतील गांठ नेमकी कोठें आहे हें कवटी उघडण्यापूर्वीं कळण्याचा मार्ग तिनें मोकळा केला. गुरूला शिष्याचा हात दिसला होता. पण तो पत्करणें त्यांना जमलें नाहीं.

दुसरा दाखला आल्फ्रेड ब्लॅलॉक यांचा. १९२२ सालीं हॉपकिन्समधून पदवी घेतली तेव्हां त्यांचे गुण बेताचेच होते. शस्त्रक्रियेचें निवासीपद त्यांना हवें होतें, तें मिळालें नाहीं. इकडे तिकडे एकेक वर्ष काढून १९२५ सालीं ते टेनेसींतील व्हँडरबिल्ट विद्यापीठांत गेले. तेथें, जखमी माणसाला येणारा आघात हा शरीरांतील रक्त कमी झाल्यामुळें येतो, हें त्यांनीं प्रयोगानें दाखविलें. १९४१ सालीं ज्या रुग्णालयानें त्यांना ठेवून घेतलें नव्हतें तेथेंच ते मुख्य शस्त्रवैद्य होऊन परतले, आणि २९ नोव्हेंबर १९४४ रोजीं निळ्या पडलेल्या बालकाच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिन्या जोडून त्यांनीं हृदयाच्या शस्त्रक्रियेचें नवें युग सुरू केलें.

त्या दिवशीं शस्त्रक्रियेच्या खोलींत आणखी दोन व्यक्ति होत्या. एक हेलन टॉसिग. या शस्त्रक्रियेची मूळ कल्पना त्यांची. १९२७ सालीं त्या डॉक्टर झाल्या, तेव्हां औषधवैद्यकाच्या विभागांत स्त्रियांसाठीं एकच जागा असल्यामुळें ती त्यांच्या हातून थोडक्यांत निसटली होती, म्हणून त्या बालरोगांकडे वळल्या. दुसरे व्हिव्हियन थॉमस. वर्णानें कृष्ण, शिक्षण शाळेपर्यंतचें; महाविद्यालयासाठीं सांठविलेला पैसा १९३० च्या सुमारास बँक बुडाली तेव्हां गेला. ब्लॅलॉक यांनीं त्यांना प्रयोगशाळेंत मदतनीस म्हणून ठेवलें. पगारपत्रकांत त्यांची नोंद झाडणाऱ्या माणसाच्या वर्गांत होती. त्याच माणसानें प्राण्यांवर ही शस्त्रक्रिया आधीं बसविली, तिचीं हत्यारें घडविलीं, आणि त्या सकाळीं ब्लॅलॉक यांच्या खांद्यामागें घडवंचीवर उभें राहून टांका कोणत्या दिशेनें घालावयाचा हें तो सांगत होता. पुढें नामांकित झालेले कितीतरी शस्त्रवैद्य त्याच्या हाताखालीं टांके शिकले. एकलव्याला द्रोणानें निदान दारांतून परत तरी पाठविलें होतें; थॉमस यांना अर्ज करावयाला दारच नव्हतें. १९७६ सालीं विद्यापीठानें त्यांना सन्मानार्थ डॉक्टर ही पदवी दिली.

उतरंडीचा दोष लोकांच्या ध्यानांत येऊं लागला होता. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयांत एडवर्ड चर्चिल यांनीं १९४० च्या सुमारास ती मोडून भिंतीसारखी सरळ रचना केली: जितके घ्यावयाचे तितके शेवटपर्यंत शिकवावयाचे. याच सुमारास प्रत्येक शाखेचीं परीक्षामंडळें उभीं राहिलीं. मूत्ररोगांचें १९३५ सालीं, सामान्य शस्त्रक्रियेचें १९३७ सालीं, मेंदूच्या शस्त्रक्रियेचें १९४० सालीं, छातीच्या शस्त्रक्रियेचें १९४८ सालीं. शिक्षणाची मुदत ठरली, अभ्यास ठरला. हें सर्व इष्टच झालें. पण त्याबरोबर एक अवघड गोष्ट आली, तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. पूर्वीं गाळणी आठ वर्षांच्या वाटेवर पसरलेली असे. आतां ती उंबरठ्यावर आली. ज्याला अजून कामच करतांना पाहिलें नाहीं त्याची निवड करावयाची, आणि एकदां घेतला म्हणजे निभावून न्यावयाचा.

उंबरठ्यावर गर्दी झाली कीं रेटारेटी होतेच. वैद्यकीच्या पदवीनंतर रुग्णालयांत जें पहिलें उमेदवारीचें वर्ष काढावें लागे, त्याच्या जागा विद्यार्थ्यांहून अधिक होत्या, म्हणून रुग्णालयेंच विद्यार्थ्यांमागें धांवूं लागलीं. एकानें निवड चार महिने आधीं केली कीं दुसरें सहा महिने आधीं करी. १९४४ सालापर्यंत हें इतकें मागें गेलें कीं, पदवीला पुरीं दोन वर्षें असतांना विद्यार्थ्यांच्या नेमणुका होऊं लागल्या. पोरांनीं रोगी नीट पाहिलेलाही नसे. तेव्हां वैद्यकीय महाविद्यालयांनीं एकी करून ठरविलें कीं, ठराविक तारखेपूर्वीं कोणाचे गुण वा शिफारसपत्रें द्यावयाचींच नाहींत. हा उपाय लागू पडला. पण रोग एका जागेवरून दुसऱ्या जागीं गेला. आतां विद्यार्थ्याला निर्णयासाठीं मिळणारा वेळ आखडूं लागला. १९४५ सालीं तो दहा दिवसांचा होता. तो वर्षावर्षाला घटत गेला. १९४९ सालीं अशी सूचना आली कीं, १५ नोव्हेंबरला मध्यरात्रीं बारा वाजून एक मिनिटानें तारा कराव्या आणि विद्यार्थ्यांना त्याच दिवशीं दुपारीं बारापर्यंत विचार करूं द्यावा. बारा तासांची ही मुदत रुग्णालयांना फार लांब वाटली! मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींनीं चहाचा पेला खालीं ठेवण्याच्या आंत होकार मागावा, तशांतला हा प्रकार. दुसऱ्या पसंतीच्या रुग्णालयाची तार हातांत, पहिल्याची अजून आलेली नाहीं. हो म्हणावें तर ती जागा गेली, नाहीं म्हणावें तर हीही गेली.

यावर उपाय म्हणून ठरलें कीं, विद्यार्थ्यांनीं रुग्णालयांचा आणि रुग्णालयांनीं विद्यार्थ्यांचा पसंतिक्रम एका मध्यवर्ती कचेरीकडे पाठवावा, आणि कचेरीनें सर्वांची जुळणी एकाच दिवशीं जाहीर करावी. योजना कागदावर उत्तम होती. पण १९५१ च्या शरदांत हार्वर्डमधल्या विद्यार्थ्यांनीं ती बारकाईनें तपासली तेव्हां त्यांना तींत एक खोंच सांपडली: जो विद्यार्थी आपल्या खऱ्या आवडीचें मोठें रुग्णालय प्रथम लिही आणि तेथें नाकारला जाई, त्याचा दुसऱ्या जागेवरचा हक्कही कमी होई. मनांतलें खरें लिहिणाराला तोटा, धूर्तपणें लिहिणाराला फायदा. या विद्यार्थ्यांचा पुढारी हार्डी हेंड्रेन हा होता. त्यानें देशभरच्या विद्यार्थ्यांची समिति उभी करून त्या खटपटीला यश आणलें. थोरांना योजना बदलावी लागली, आणि १९५२ सालीं सुधारलेल्या रीतीनें पहिली जुळणी झाली. हाच हेंड्रेन पुढें बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयांत बालशस्त्रक्रियेचा जगद्विख्यात आचार्य झाला, आणि त्या शाखेच्या उमेदवारांची निवड करण्याची पाळी त्याच्यावरही आली.

सुधारलेली रीति समजावयाला कठीण नाहीं. प्रत्येक उमेदवाराचें नांव त्याच्या पहिल्या पसंतीच्या जागेकडे जातें असें समजा. तेथील मंडळी आपल्या यादींत वर असलेल्यांना तात्पुरतें धरून ठेवतात, बाकीच्यांना सोडतात. सोडलेल्यांचीं नांवें दुसऱ्या पसंतीकडे जातात. तेथें आधीं धरलेल्यापेक्षां नवा आलेला अधिक पसंत असेल तर जुना सुटतो आणि पुढल्या दारीं जातो. सर्वांचें फिरणें थांबेपर्यंत कोणाचीच सुपारी फुटत नाहीं. शेवटीं अशी एकही जोडी उरत नाहीं, कीं जिच्यांतल्या दोघांनाही मिळालेल्या जोडीदाराहून एकमेकच अधिक हवे होते. ही उपमा ओढूनताणून आणलेली नव्हे. १९६२ सालीं डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनीं याच प्रश्नावर जो निबंध लिहिला, त्याच्या नांवांतच विवाहाचा उल्लेख आहे. डॉक्टरांची कचेरी दहा वर्षें हेंच करीत आहे याची तेव्हां त्यांना वार्ता नव्हती. तें साम्य ॲल्विन रॉथ यांनीं १९८४ सालीं दाखविलें. कचेरीची रीति मात्र रुग्णालयांपासून सुरुवात करी. त्यांत विद्यार्थ्यांचें किंचित् नुकसान होतें अशी कुरबूर झाल्यावर १९९८ पासून ती उमेदवारांपासून सुरू होऊं लागली. हजारांत एखाद्याचीच जागा त्यानें बदलली, पण अविश्वास गेला. २०१२ सालीं शॅप्ली व रॉथ यांना अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. गेल चार वर्षांपूर्वींच वारले होते.

पहिल्या पायरीवरची ही शिस्त फेलोशिपच्या पायरीपर्यंत चढावयाला आणखी तीस वर्षें लागलीं. मोठ्या आंतड्याच्या शस्त्रक्रियेनें ती १९८४ सालीं स्वीकारली, छातीच्या व रक्तवाहिन्यांच्या शाखांनीं त्यानंतर थोड्या वर्षांनीं, बालशस्त्रक्रियेनें १९९२ सालीं. अस्थिशस्त्रक्रियेच्या उपशाखांत मात्र जुनाच बाजार दीर्घकाळ चालू होता. मुलाखत संपतांच जागा देऊं करावयाची, उत्तर तेथल्या तेथें मागावयाचें; आणि यासाठीं मुलाखती अशा आधीं उरकावयाच्या कीं, उमेदवारानें ती उपशाखा धड पाहिलेलीही नसावी. २००८ च्या सुमारास तेथील धुरीणांनीं रॉथ प्रभृति अर्थशास्त्रज्ञांनाच बोलावून घडी बसविली. एका गोष्टीचा येथें उल्लेख केला पाहिजे. अशा जुळणीमुळें उमेदवाराला पगाराची घासाघीस करतां येत नाहीं, ती शिकाऊ डॉक्टरांचें वेतन दाबून ठेवते, अशी फिर्याद २००२ सालीं कांहीं डॉक्टरांनीं गुदरली होती. ऐंशी ऐंशी तास राबणाऱ्यांची ती तक्रार अगदींच निराधार म्हणवत नाहीं. परंतु १९४९ च्या तारांकडे परत जाण्याची इच्छा कोणासच नव्हती. १९०४ सालीं हॅलस्टेड बोलले त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं अमेरिकेच्या कायदेमंडळानें कायदा करून जुळणीला संरक्षण दिलें आणि फिर्याद निघाली.

जुळणीचें गणित निर्दोष असलें, तरी तें पसंतिक्रमाची यादी हातांत आल्यावर सुरू होतें. यादी कशी बनते? बालशस्त्रक्रियेचेंच उदाहरण घ्यावें. रुग्णालयाच्या समितीपुढें एकेका जागेसाठीं कितीतरी अर्ज असतात. प्रत्येकांत दरसालच्या परीक्षेचे गुण, छापलेले शोधनिबंध, आणि तीन चार पत्रें. या शाखेची आशा धरणारे पुष्कळजण पांच वर्षांच्या शिक्षणांतून दोन वर्षें बाजूला काढून प्रयोगशाळेंत घालवितात. संशोधनाची हौस असते म्हणून नव्हे, तर त्यावांचून अर्जाकडे कोणी पाहात नाहीं म्हणून. शिफारसपत्रांत सर्वच उमेदवार अद्वितीय असतात. शाळेच्या प्रगतिपत्रकावर ‘समाधानकारक’ या शब्दाचा खरा अर्थ जसा जाणत्या पालकालाच कळतो, तसा या पत्रांतल्या विशेषणांचा अर्थ त्या वर्तुळांतल्यांनाच कळतो. आणि वर्तुळ लहान असल्यामुळें पत्र लिहिणारा कोण, यालाच पत्रापेक्षां अधिक वजन येतें. मग मुलाखत. पूर्वीं उमेदवार स्वखर्चानें गांवोगांव विमानानें हिंडत. २०२० च्या साथीपासून बऱ्याच मुलाखती पडद्यावरून होऊं लागल्या. अर्ध्या तासांत समिति शोधते काय? ज्ञान नव्हे, तें कागदावर दिसतेंच. रात्रीं तीन वाजतां नवजात बालकाचें पोट उघडतांना हा मनुष्य आपल्यासमोर उभा असावा असें वाटतें कीं नाहीं, एवढेंच. हॅलस्टेडांना तें कळावयाला सहा वर्षें लागत.

हाताची परीक्षा मात्र बहुधा कोणी घेत नाहीं, आणि हें श्रोत्यांना नवल वाटेल. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत शिष्य कसा असावा याचा अध्याय आहे, आणि त्याच स्थानाच्या नवव्या अध्यायांत कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेद घेऊन हात बसविण्याचा पाठ आहे. सर्व शास्त्र शिकलेला असला तरी हा सराव न केलेला कामाला अयोग्य, असें तेथें बजावलें आहे. आयर्लंडांत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत उच्च शस्त्रशिक्षणाच्या उमेदवारांकडून प्रत्यक्ष टांके व गांठी घालवून त्याचे गुण निवडींत धरण्याचा प्रयोग झाला. अमेरिकेंत अजून पत्र लिहिणाराच्या शब्दावर भिस्त आहे. भारतानें तर तिसरीच वाट धरली. एम. सीएच. या पदवीच्या प्रवेशासाठीं पूर्वीं ठिकठिकाणच्या निराळ्या परीक्षा असत. २०१७ पासून, कांहीं राष्ट्रीय संस्था वगळतां, सर्व देशाला एकच परीक्षा लागू झाली. संगणकापुढें बसून उत्तरें द्यावयाचीं, आणि गुणांच्या अनुक्रमानें जागा घ्यावयाची. वशिल्याला तींत शिरकाव नाहीं, हा लाभ लहान नव्हे. मात्र मुंबईच्या एखाद्या रुग्णालयांतील आचार्य आपला शिष्य प्रथम पाहतो, तो शिष्य कामावर रुजूं होतो त्या दिवशीं.

अमेरिकेंत याद्या बंद झाल्यावर, उमेदवारानें आपल्याला कितवा क्रमांक दिला हें रुग्णालयानें विचारावयाचें नाहीं असा नियम आहे, आणि निकाल दोन्हीं पक्षांना बंधनकारक आहे. जुळणी करावयाला यंत्राला कांहीं क्षण पुरतात. ठरलेल्या दिवशीं प्रत्येकाला ई-मेलनें निरोप जातो. बालशस्त्रक्रियेंत अर्जदार जागांहून पुष्कळ अधिक असल्यामुळें, सात सात वर्षें खपलेल्या कितीतरी जणांना जागा मिळाली नसल्याचें दोन ओळींत कळतें. कांहीं पुढल्या वर्षीं पुन्हां अर्ज करतात, कांहीं सामान्य शस्त्रक्रियेंतच राहतात. निरोप वाचून झाला कीं फोन खिशांत टाकून त्यांनाही इतरांप्रमाणेंच हात धुवावयाला जावें लागतें, कारण त्या दिवशींच्या शस्त्रक्रियांची यादी आधींच लागलेली असते.